डेड स्टॉक

दरवर्षी मार्चअखेर
उद्यान खात्याची जडवस्तू नोंदवही बगलेत मारून
मी राणीच्या बागेमागच्या आवारात जातो.

घमेली, सतरा. पैकी तळ गेलेली नऊ.
झाऱ्या, अकरा.
लोखंडी बाक, तीन पायांचं, एक.
राणी, संगमरवरी, बसलेली, नाक नसलेली: नग एक.
राजा, ब्राँझचा, घोड्यासकट: नग एक की दोन
यावर आधीच्या कारकुनाने
पेन्सिलीत प्रश्नचिन्ह काढलंय.
ते मी तसंच ठेवलंय.

शहराने म्हणा त्याचा निकाल केव्हाच लावला होता.
ज्या चौकात हा उभा होता
त्या चौकाला लोकांनी नाव दिलं घोड्याचं.
वर कोण बसलंय ते बघायला
मान वर करावी लागते,
आणि फोर्टात भर दुपारी, हातात साहेबाची फाईल,
मान वर करतंय कोण?
राजा हलवला. नाव हललं नाही.
आता तिथं दुसरा घोडा आहे, पाठ मोकळी.

इकडे राणीच्या पायाशी
जेठीबेन सोलंकी साडेबाराला डबा उघडते.
शेजारी कोणी एक लाट आहे, पाटी गळून पडलेला,
त्याच्या पुढे केलेल्या हातावर
नाईकधुरे माळी ओला सदरा वाळत घालतो.
म्हणतो, शंभर वर्षं हात पुढे करून उभा आहे,
कुणी तरी काही तरी द्यायला नको?

यंदा ऑडिटला कुळगोडकर आले. नवीन, हिरवी शाई.
"जुन्या यादीत नाक नसल्याची नोंद नाही.
म्हणजे तेव्हा ते होतं.
मग गेलं कधी? कुणाच्या ताब्यात असताना?
वसुली कोणाच्या पगारातून?"
मी म्हटलं, साहेब,
यादीत कुणाचंच नाक लिहीत नाहीत.
त्यांनी नकळत स्वतःचं चाचपून पाहिलं
आणि बोट पुढच्या रकान्यावर ठेवलं. किंमत.

कुण्या संस्थानिकाने म्हणे लाखांनी मोजून
ही बाई बोटीने आणवली होती,
गवतात गुंडाळून, काचेच्या हंड्या आणतात तशी.
मी लिहिलं: रुपया एक.
घमेल्याला बारा.
निर्लेखन प्रस्ताव: निरंक.

त्याच संध्याकाळी जेठीबेनचा नातू बघायला गेलो.
सफाई खात्याच्या चाळीत, तिसरा माळा.
टोपडं नेलं होतं, ते मोठं झालं.
ती खाली बसून घुटी उगाळत होती,
वेखंडाचे दोन वेढे, जायफळाचा एक, हळकुंड नुसतं टेकवून,
एका पांढऱ्या दगडावर,
ज्याच्या कडेला कोरलेली झालर होती.

झालर मी ओळखली.
अठरा वर्षं मोजतोय मी तिला.

"सासूच्या टायमाला पडलेला," ती म्हणाली, मान वर न करता,
"पावसात, आपोआप. चांगला थंड दगड आहे.
झिजत नाही."
झिजला होता. मधोमध खळगा होता,
तीन पिढ्यांच्या पोटदुखीएवढा.
पोराने बोट चाटलं, तोंड वाकडं केलं
आणि एकदम गप्प होऊन
माझ्या चष्म्याकडे बघत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
झग्याची कड, डावी बाजू, वीतभर.
सध्या वापरात.

मग कुळगोडकर आठवले.
दाढीच्या ब्लेडने खरवडून काढलं सगळं.
कागद तिथं पातळ झालाय.
पान उजेडाला धरलं
तर पलीकडची घमेली दिसतात.